‘नो’ दाबू नका, पुरावा जाईल!

“नो दाबू नका मॅडम! पुरावा जाईल!”

देवस्थळी साहेब एवढ्या जोरात ओरडले की माउसवरचा माझा हात आपोआप मागे आला. स्क्रीनवर एक साधी करडी चौकट होती. या फाईलमध्ये तुम्ही केलेले बदल सेव्ह करायचे का, असं ती इंग्रजीत विचारत होती. खाली येस, नो आणि कॅन्सल अशी तीन बटणं. मी फाईल उघडली होती, जरा वेळ बघितली होती आणि बंद करत होते. कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं.

“बघितलंत?” साहेब म्हणाले. “तुम्ही काही केलं नाहीत. मी काही केलं नाही. मग बदल केले कोणी?”

असं म्हणून त्यांनी काचेपलीकडे बघितलं. तिकडे लॅबमध्ये पांढऱ्या कोटातली एक मुलगी बेसिनपाशी काचेची भांडी विसळत होती. ती केमिस्ट होती आणि भांडी विसळणं हे तिचं काम नव्हतं, ते मला नंतर कळलं.

नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. वाशीतल्या एका छोट्या फर्ममध्ये मी सर्व्हिस इंजिनिअर होते. कंपन्यांचे कॉम्प्युटर आमच्याकडे वर्षाच्या मेन्टेनन्सला असायचे. काही बिघडलं की फोन यायचा आणि आमच्यापैकी कोणीतरी बॅग उचलून निघायचं. तळोज्याचा कॉल हमखास माझ्या गळ्यात पडायचा, कारण मी राहायला जुईनगरला आणि बॉसच्या मते ते ‘वाटेवरच’ होतं. वाटेवर होतं हे खरं, पण त्या वाटेवर एक बस, एक सहा आसनी रिक्षा आणि केमिकलच्या वासातली पायपीट होती, हा भाग ते सांगायचे नाहीत. त्या दिवशीही त्यांनी फोनवरच निदान करून टाकलं होतं. “व्हायरस असेल. फ्लॉपी घेऊन जा, स्कॅन कर, सही घे, निघ.”

कंपनी रंगांना लागणारी पावडर बनवायची. लॅबमध्ये एकच कॉम्प्युटर, तोही काचेच्या एसी केबिनमध्ये. चपला बाहेर काढून आत जायचं. दसऱ्याचं हळदकुंकू सीपीयूवर अजून तसंच होतं. देवस्थळी साहेब क्वालिटी मॅनेजर. त्यांची सगळी नोकरी कागदावर झालेली. माणूस कडक, पण सरळ. कागदावर एकदा सही झाली की त्यातला ठिपकासुद्धा हलता कामा नये, हा त्यांचा धर्म. दुकानदार वजनकाट्यावर ठेवतो तसा त्यांनी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला होता.

घोळ असा होता. मालाची प्रत्येक बॅच लॅबमध्ये तपासली जाते. शुद्धता किती, ओलावा किती, ते एका सर्टिफिकेटवर येतं आणि ते मालाबरोबर गिऱ्हाइकाकडे जातं. ही सर्टिफिकेटं एक्सेलमध्ये बनायची. एक्सेल म्हणजे चौकटी आखलेला मोठा कागद समजा. चौकटीत आकडा टाकता येतो, किंवा आकडा कसा काढायचा ते सांगणारा फॉर्म्युला. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून सर्टिफिकेट हरवलं, त्यांनी दुसरी प्रत मागितली. लॅबने फाईल उघडून प्रिंट काढली आणि फॅक्स केली. मग त्यांना पहिली प्रत सापडली. दोन्हींवरचे आकडे तेच, तारीख मात्र वेगळी. त्यांनी विचारलं, “एकाच बॅचची तपासणी दोन दिवशी कशी काय झाली?”

देवस्थळी साहेबांना घाम फुटला. त्यांनी फाईल उघडली, बघितली, बंद केली. आणि कॉम्प्युटरने त्यांना बदलांबद्दल विचारलं. मग त्यांनी दुसरी फाईल उघडली. तिनेही विचारलं. तिसरीनेही.

“म्हणजे सगळ्या फाईली कोणीतरी बदलतंय,” साहेब मला म्हणाले. “आणि या फाईली बनवते एकच व्यक्ती. म्हात्रे. विचारलं तर आकडे बदललेच नाहीत म्हणते, म्हणून तिला या खुर्चीतून उठवलंय.”

वनिता म्हात्रे ही तीच भांडी विसळणारी मुलगी. जवळच्याच गावातली. वडिलांची शेती कारखान्यांच्या जागेत गेली होती, त्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिली. पनवेलला बी.एस्सी. केलेलं, वर कॉम्प्युटरचा क्लास. प्रोबेशन संपत आलं होतं, म्हणजे आता एकतर नोकरी पक्की, नाहीतर घरी. तिला पक्कं करण्याचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर होता. शेऱ्याच्या जागी साहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘विश्वासार्ह नाही’. दुपारी हेड ऑफिसला गाडी जायची, तिच्यातून तो जाणार होता. ते दोन शब्द वाचून मला रागच आला. माणूस बघायच्या आधी साहेबांनी स्क्रीन बघितला होता.

“साहेब, गाडी जायच्या आत मी कारण शोधते. तोपर्यंत हा फॉर्म इथंच राहू दे.”

“शोधा ना. म्हणून तर बोलावलंय. मला पुरावा पक्का पाहिजे.”

आधी व्हायरस. तेव्हा एक्सेलच्या फाईलींतून पसरणारे व्हायरस खरंच फिरत होते, त्यामुळे बॉसचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. फ्लॉपी घातली, स्कॅन केलं. मशीन स्वच्छ.

मग मी एक कोरी फाईल बनवली, सेव्ह केली, बंद केली. परत उघडली, परत बंद केली. निमूट बंद झाली. म्हणजे एक्सेल ठणठणीत होतं, खोट सर्टिफिकेटात होती. मी एका सर्टिफिकेटची कॉपी केली. मूळ फाईलला हात लावला असता तर साहेबांनी मलाही आरोपी केलं असतं.

मी काम करत होते तेवढ्यात साहेबांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. फाईलींच्या यादीत प्रत्येक फाईल शेवटची कधी सेव्ह झाली ती वेळ दिसते. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे बघा. सगळ्या वेळा संध्याकाळच्या. रोज लॅब सुटल्यावर कोणीतरी फाईली बदलतंय.”

“लॅब सुटल्यावर केबिनची चावी कोणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“मग आत कोण येतं?”

“कोणीच नाही. मी स्वतः बसलेला असतो, फाईली तपासत. तेच तर कोडं आहे! तिने क्लास केलाय ना, घरून बदलायची काहीतरी सोय करून ठेवली असणार.”

“मॉडेम आहे का या मशीनला? टेलिफोनची लाइन?”

“नाही.”

मी ओठ घट्ट मिटले. सर्व्हिस इंजिनिअरने गिऱ्हाइकासमोर हसायचं नसतं.

“साहेब, तपासून झाल्यावर फाईल बंद करता तेव्हा तो प्रश्न येतो. तुम्ही काय दाबता?”

“येस. दर वेळी न चुकता येस. नो दाबलं तर तिने केलेले बदल पुसले जातील, मग मी दाखवू काय?”

“येस म्हणजे फाईल सेव्ह करा. तुम्ही येस दाबलंत की ती वेळ लागते. या सगळ्या वेळा तुमच्या आहेत.”

साहेब चष्मा काढून पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, “बरं. पण मी येस दाबायच्या आधी तो विचारतोच ना? तो का विचारतो?”

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर अजून माझ्याकडे नव्हतं.

मी कॉपीतला खालचा अर्धा भाग उडवला, सेव्ह केलं, बंद केलं, उघडलं, बंद केलं. प्रश्न आला. उरलेल्याचा अर्धा उडवला. प्रश्न आला. दोष सापडत नसला की आम्ही असंच करतो, निम्मं निम्मं काढत जातो. शेवटी कंपनीचं नाव, पत्ता आणि तारीख एवढंच उरलं. तारीख उडवली आणि फाईल निमूट बंद झाली. मला एवढा आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. साहेब दचकले.

दुसऱ्या कॉपीत मी तारखेच्या चौकटीवर क्लिक केलं. चौकटीत खरं काय भरलंय ते वरच्या पट्टीत दिसतं, आणि तिथे तारीख नव्हतीच. ‘टुडे’ हा फॉर्म्युला होता. टुडे म्हणजे आजचा दिवस. ज्या दिवशी फाईल उघडाल त्या दिवसाची तारीख तो स्वतःच आणून बसवतो. फाईल उघडली रे उघडली की एक्सेल तो फॉर्म्युला नव्याने चालवतं. चालवलं म्हणजे त्याच्या लेखी कागदात बदल झाला. आणि बदल झाला की बंद होताना ते विचारणारच, ठेवायचा का? माणसाने काही केलं असो वा नसो.

तोंडी सांगून साहेबांना पटणार नव्हतं. मी खुर्चीतून उठले आणि त्यांना बसवलं. कोरी फाईल त्यांच्याच हाताने उघडायला लावली. एका चौकटीत त्यांनी एका बोटाने टुडेचा फॉर्म्युला टाइप केला, सेव्ह केलं, बंद केलं. परत उघडली, काही न करता बंद केली. करडी चौकट हजर.

“आता हिच्यात कोण आलं होतं साहेब?”

मग मी मशीनचं घड्याळ एक दिवस पुढे केलं आणि गिऱ्हाइकाचं ते सर्टिफिकेट उघडायला सांगितलं. सर्टिफिकेटावर उद्याची तारीख आली. साहेबांनी ती दोनदा मोठ्याने वाचली. मी घड्याळ परत जागेवर आणलं.

“म्हात्रेंना आत बोलवा,” ते म्हणाले.

वनिता कोटाला हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

“तारखेत हा फॉर्म्युला तुम्ही घातलात?”

“हो सर.”

“का?”

“तुमीच बोललेले सर. जुन्या फाईलची कॉपी करून नवीन बनवताना तारीख बदलायची राहायची. तुमी बोललात, तारीख आपोआप येईल असं काहीतरी करा. मी क्लासमदी शिकलेली. तुमी तवा शाबास पन बोललेले.”

हे साहेबांना आठवलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

“मग चौकशीच्या वेळी सांगितलं का नाहीस?” मी न राहवून विचारलं.

“मॅडम, मना कोनी तारखेचं विचारलंच नाय. आकडे का बदलले, एवढंच विचारत व्हते. मी एक आकडा बदललेला नाय. तवा मी दुसरं काय बोलनार? घरी अजून सांगितलं पन नाय मी. बाबा गावभर सांगत फिरतो, पोरगी लॅबमदी हाय म्हनून.”

साहेबांनी तरी एक शेवटचा प्रयत्न केला. “पण गिऱ्हाइकाला चुकीची तारीख गेली. चूक ती चूकच.”

“चूक आहे,” मी म्हणाले. “पण चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. आणि ही चूक तुमच्या दोघांची मिळून आहे.”

गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. पण बोलून गेले, आणि बरं वाटलं.

इलाज सोपा होता. तारखेच्या चौकटीत कंट्रोल आणि सेमिकोलन एकत्र दाबलं की आजची तारीख येते, पण फॉर्म्युला म्हणून नाही, हाताने टाइप केल्यासारखी. ती उद्या हलत नाही. जुन्या सर्टिफिकेटांच्या सही केलेल्या प्रती कपाटात होत्या. त्यांच्यावरून खऱ्या तारखा टाकायच्या. हे काम वनितानेच करावं असं मी सुचवलं. साहेबांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. तिची बोटं कीबोर्डवर एवढी झरझर चालली की मी नुसती बघत राहिले. पहिली फाईल दुरुस्त करून तिने सेव्ह केली, बंद केली, उघडली, बंद केली. काही प्रश्न नाही. ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात हेड ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर पाकीट मागायला आला.

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन काढलं. लॅबचा एक नियम असतो. लिहिलेलं चुकलं तर गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची, कारण लिहायचं.

“सर,” वनिता हळूच म्हणाली, “नवीन फॉर्म नाय भरता येनार? रेघ मारली तरी खालचं वाचता येतं. माज्या फाईलला ते कायमचं राहील.”

“नवीन भरला तर हा फाडावा लागेल. सही केलेला कागद मी फाडत नाही.” साहेब म्हणाले.

ती परत स्क्रीनकडे वळली. माझ्या मनात आलं, एवढं सगळं होऊन हा माणूस नियमच धरून बसला.

त्यांनी ‘विश्वासार्ह नाही’वर रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘पूर्ण विश्वासार्ह. कायम करावे.’ सही केली. मग कारण लिहायला थांबले. शेवटी लिहिलं आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. ‘कारण: आधीचा शेरा माझ्या अज्ञानातून आला. म्हात्रे यांची काही चूक नाही.’

वनिताने ते वाचलं. परत वाचलं.

“हाच जाऊ द्या सर,” ती म्हणाली. “नवीन नको.”

फॉर्म गेला आणि ती पक्की झाली. गिऱ्हाइकाला साहेबांनी स्वतःच्या सहीने तारखेचा खुलासा पाठवला, आणि ते गिऱ्हाईक टिकलं. मी सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतली. बॉसने विचारलं, “व्हायरसच होता ना?” मी म्हणाले, “नाही, तारीख होती.” त्यांना ते कळलं नाही आणि समजावून सांगायचा मला कंटाळा आला.

त्यानंतर वर्षानुवर्षं असे कॉल मी घेतले. कुठे टुडे असायचा, कुठे दुसऱ्या फाईलीला जोडलेला फॉर्म्युला. दुरुस्तीला कधीच फार वेळ लागला नाही. वेळ लागायचा तो तोपर्यंत ज्याच्यावर संशय घेऊन झालेला असे, त्याला परत खुर्चीत बसवायला. म्हणून कॉलवर गेले की मी मशीन नंतर बघायचे. आधी विचारायचे, तुम्ही कोणाला उठवलंय?