दोऱ्याची वाट

आत्याच्या मशीनमध्ये अडकलेला काळा पडलेला दोरा मी एका हिसक्यात ओढून काढला आणि वर केराच्या डब्यात टाकून हात झटकले. स्वच्छतेच्या बाबतीत मी पहिल्यापासून तत्पर. शाळेत त्याचं प्रशस्तिपत्रकही मिळालंय. आत्या बाहेरून आली, मशीनकडे बघितलं आणि स्टुलावर बसली.

तो दोरा हाच त्या मशीनचा नकाशा होता. चामडं शिवायचं ते धूड माझ्या आजोबांच्या वयाचं. माहितीचं पुस्तक नाही, चालवणारा कारागीर निवर्तलेला. दोरा रिळापासून सुईपर्यंत कुठल्या आकड्यातून, कुठल्या भोकातून जातो, हे फक्त दोऱ्यालाच ठाऊक होतं.

"छान केलंस," आत्या म्हणाली. "आता दोरा म्हणून तूच जाऊन बस आत."

आत्याने तीस वर्षं आरीने भोकं पाडून हाताने पट्टे आणि पिशव्या शिवल्या. टाका सरळ, जीभ तिरकी. यंदा तिच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी आरी बंद करायला सांगितली, तर तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, थेट दुकानच बंद करायला सांगितलं. जागेसाठी गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तेव्हा आत्याने बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्यातून हे मशीन भंगाराच्या भावात उचललं. ते चाललं तर दुकान, नाहीतर कुलूप.

दोन दिवस आम्ही रॉकेलने गंज आणि मेण खरवडलं. चाक फिरायला लागलं, तशी माझी अक्कलही फिरली. मी पाच तऱ्हांनी दोरा ओवला. कधी टाकाच पडेना, कधी खाली दोऱ्याचं घरटं. पाचव्या खेपेला सुईच मोडली. कोपऱ्यावर बूट शिवणाऱ्या दादांकडून मी मशीनची एक जाड सुई उद्या परत द्यायच्या बोलीवर उसनी आणली.

परत येतो तर आत्या डोळे मिटून मशीनवरून करंगळीचं नख फिरवत होती.

"इथं नख लाव."

लावलं. भोकाच्या डाव्या कडेला केसाएवढी खाच होती. पुढच्या आकड्यातही तशीच.

"मेणाचा दोरा वळतो तिथं घासतो," ती म्हणाली. "माझ्या बोटावर नाही का खाच पडलीय? लोखंड काय वेगळं आहे?"

खाचेमागून खाच शोधत आम्ही खाली उतरलो. शेवटची सुई बसते त्या दांड्याच्या डाव्या अंगाला निघाली. मी पाचही वेळा उजवीकडून ओवत होतो.

आत्याने चामड्याचे दोन जाड थर सुईखाली सरकवले आणि पायडल दाबलं. खट्, खट्, खट्. पट्टा उलटून पाहिला तर खालचे टाकेही शाळेच्या रांगेसारखे, तेही मास्तर समोर असल्यासारखे.

संध्याकाळी बाबा आले, तेव्हा तिने पट्टा त्यांच्या हातात दिला आणि तोडून दाखव म्हणाली. बाबांनी पाय रोवून ओढला, लालबुंद झाले. पट्टा ढिम्म. जाताना स्वतःची फाटकी बॅग तेवढी ठेवून गेले. जागेच्या गिऱ्हाइकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता तीन आठवडे झालेत. बूटवाले दादा जाता-येता सुई मागतात. काल मी आत्याला आठवण करून दिली, तर पायडलवरचा पाय न काढता ती म्हणाली, "त्यांना सांग, ती कामावर गेलीय."