दहाव्याचं मुंडण आणि अकोल्याचं औषध

आमच्या घरातल्या पुरुषांचे केस तिशीच्या आतच जातात. वडिलांचे गेले, वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठे बाबा, त्यांचे गेले, माझे तर लग्नाच्या फोटोतच अर्धे होते. मी सगळं करून पाहिलं. कांद्याचा रस लावला, जास्वंदीचं तेल लावलं, परतवाड्याच्या एका वैद्याची काळी वडी दुधात उगाळून घेतली. कांद्याच्या वासाने बायको एक महिना दुसऱ्या खोलीत झोपली. शेवटी अमरावतीच्या एका चामडीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आहेत ते काही वर्षं टिकवता येतील. गेलेले आणून देईन असं मी म्हणणार नाही." त्या दिवशी मी कानाला खडा लावला आणि टोपी घातली. कुणी विचारलं तर ऊन लागतं म्हणून सांगतो. अमरावतीत ऊन काही कमी नाही, त्यामुळे पुढे कुणी विचारत नाही.

धाकट्या भावाची पाळी आली तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे पाहून तरी हा शहाणा होईल. कशाचं काय! तो अकोल्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं, आणि पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. त्यानंतर त्याने कुठल्याशा क्लिनिकमध्ये जायला सुरुवात केली. तिथे म्हणे एक नवीन औषध होतं, अजून बाजारात न आलेलं, प्रयोग म्हणून निवडक लोकांनाच देत होते. डोक्याच्या चामडीत बारीक बारीक सुया टोचून ते आत सोडायचे.

"निवडक म्हणजे कोण रे?" मी विचारलं.

"ज्याइचं डोकं औषधाले योग्य आहे ते."

"आन् तुहं आहे."

"हौ. त्याइनं तपासलं ना दादा."

ज्याच्या डोक्यावर केस नाहीत आणि डोक्यात लग्नाची काळजी आहे, तो प्रत्येक जण योग्यच ठरणार, हे मी त्याला सांगितलं. दर पंधरवड्याला तो सुया घेऊन यायचा आणि दोन रात्री पालथा झोपायचा. मला पाहवत नसे. माझ्या हातात काही नव्हतं, फक्त बोलणं होतं, आणि बोलून बोलून माझाच जीव दमला होता.

दिवाळीला आला तेव्हा त्याने मोबाईलवर दोन फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत केस ओले होते आणि वरून पांढरा लखलखीत दिवा. नंतरच्यात केस कोरडे, पुढे ओढून विंचरलेले, आणि उजेड पिवळा. मी म्हटलं, बाबू, या दिव्याखाली माझाही फोटो काढ, मीही तरणा दिसेन. तो हसला नाही.

"तुहे नाई राह्यले म्हणून माहेही राहू नये, असंच वाटते ना तुले?"

ते मला लागलं. अजूनही लागतं. त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

अशात अंजनगाव सुर्जीचं एक स्थळ आलं. मुलगी शिक्षिका, घरचे लोक साधे, फुलशेती करणारे. फोटो पसंत होते. आता फक्त त्यांनी येऊन मुलगा पाहायचा होता. भावाने क्लिनिकमध्ये विचारून ठेवलं होतं, ते म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबा, तोवर डोकं भरून येईल. फक्त एक अट, मधे केस कापायचे नाहीत, नाही तर सगळा परिणाम जातो.

आणि मोठे बाबा गेले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. वडील गेल्यावर आम्हा दोघांना त्यांनी आणि मोठ्या आईनेच वाढवलं, चांदूर बाजारच्या घरात. ते जिवंतपणीच सांगून गेले होते, मले आग धाकट्यानं द्यावी. त्याने दिली. आमच्याकडे आग देणारा दहाव्याला नदीवर मुंडण करतो, आणि भाऊबंदही करतात. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी धाकटा मला घरामागे घेऊन गेला.

"दादा, एक बट कापली तं नाई चालन का? नावापुरती?"

"कोणाले विचारतं? मले का मोठ्या बाबाले?"

तो रडायला लागला. मोठ्या बाबांसाठी रडत होता, केसांसाठी रडत होता, की अंजनगावच्या मुलीसाठी, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्हींचा कंटाळा आला. मोठी आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "नको करू बाप्पा. ते काई पाहाले येत नाई आता." आणि आत गेली.

सकाळी नदीवर न्हाव्यासमोर तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. माझी पाळी आली तेव्हा न्हाव्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, वस्तरा हातात धरला आणि विचारात पडला. मी म्हटलं, कडेचं आहे तेवढं काढून टाक. भाऊबंद हसले. धाकटाही हसला, किती दिवसांनी.

तेरावं झाल्यावर मोठ्या आईने मला बाजूला बोलावलं. तिचा हिशोब पक्का होता. "अंजनगाववाल्याइले आताच बलाव. आता साऱ्याइचे डोके सारखे दिसतात. कोणाचं कसं, कोणाले समजते?" मला आधी हसू आलं, मग पटलं. धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काहून? खोटं काहून दाखवाचं? येऊ दे ना केस. मंग पाहा म्हणा." त्याचा इतका विश्वास होता. मी निरोप पाठवला, सुतक होतं, थोडं थांबा.

केस येऊ लागले. मी अमरावतीत माझे पाहत होतो, कडेने खुरटं काळं, मधे काही नाही. त्याला फोन केला की तो दुसरंच काही बोलायचा. एके दिवशी त्याचाच फोन आला, अकोल्याला ये म्हणून.

खोलीत गेलो तर पलंगावर बसलेला. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, बाजूला केस काढायची मशीन. डोक्यावर कानापासून कानापर्यंत काळी पट्टी आणि वर चकाकतं मैदान. सुयांचे डाग तेवढे नवीन. बाकी सगळं वडिलांचंच.

"क्लिनिकवाले म्हणतात, मुंडण केलं म्हणून औषध वाया गेलं. पयल्यापासून सुरू करा लागते."

वस्तरा चामडीच्या वरचं काढतो, मुळाला हात लावत नाही, कडेचे आलेच ना परत, हे त्यालाही दिसत होतं.

"तू मशीन फिरव," तो म्हणाला. "अंजनगाववाले रविवारी येऊन राह्यले. दुखवट्याचंच आहे म्हणू."

ज्याने नदीवर एका बटेची सूट मागितली होती, तो आता मोठ्या बाबांच्या नावाने गोटा करून मागत होता. मी मशीन उचलली, त्याच्या मागे उभा राहिलो. मशीन सुरू करायच्या आत तो म्हणाला, "दादा, खरं सांग. समोर एखादा तरी दिसते का?"

मी खिडकीचा पडदा सरकवला, चष्मा पुसला आणि नीट पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. किती वाटत होतं की एक तरी दिसावा.

"नाई रे."

त्याने माझ्या हातातली मशीन घेतली आणि वायर गुंडाळायला लागला. "राहू दे. असाच बसतो त्याइच्यासमोर. हौ म्हणाचं तं म्हणतीन." मग माझ्याकडे वर पाहून म्हणाला, "तूही येजो. पण ते टोपी नको घालू. मी एकटा नाई बसत."

मी हो म्हणालो. म्हणायला मला वेळ लागला. टोपी काढून पिशवीत टाकली, त्याच्यासमोरच. तो हसला, मीही हसलो, आणि मी निघालो. अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागली. ऊन उतरलं होतं. खिडकीजवळ बसलो, काचेत पाहिलं, तर टोपी डोक्यावर होती.