स्वतःचं वावर प्रयोगाला देणाऱ्या ताई

एम.एस्सी. होऊन मी रोहिणखेडला परतले, तेव्हा माझ्याजवळ आमच्याच शेतातल्या मातीतून वेगळी केलेली एक बुरशी होती. पेरणीपूर्वी हरभऱ्याच्या बियाण्याला ती चोळली, तर पीक मर रोगाला तोंड देतं, असं प्रयोगशाळेत दिसत होतं. यातून कंपनी उभी करायची, या इराद्यानं मी बुलढाण्याच्या जैवतंत्रज्ञान नवउद्योग केंद्रात गेले. केंद्राच्या संचालक डॉ. नलिनीताई खर्चे तेव्हा एका मिस्त्रीशी बिघडलेल्या यंत्रावरून हुज्जत घालत होत्या. ती थांबवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काचेच्या ताटलीत चाललं, बरं झालं. वावरात पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं.

महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ताईंनी हे केंद्र उभारलं. नव्या कंपन्यांना प्रयोगशाळा द्यायची, चाचण्यांत मदत करायची, गुंतवणूकदारांसमोर उभं करायचं, हे त्याचं काम. रेल्वेसुद्धा न येणाऱ्या गावात अशा कंपन्या कोण काढणार, असं लोक म्हणत. आज केंद्रातून निघालेल्या कंपन्यांचा माल शेजारच्या राज्यांत जातो, आणि त्यांतली एक माझी आहे, हे लिहिताना मला अभिमान वाटतो.

पण त्याआधीची गोष्ट सांगायला हवी. चाचणीसाठी अर्ध्या शेतात माझं बुरशीचं औषध लावलेलं बियाणं आणि अर्ध्यात साधं बियाणं पेरणं भाग होतं. अर्धं पीक रोगाच्या तोंडी द्यायला एकही शेतकरी तयार होईना. ताईंनी देऊळघाटचं स्वतःच्या वाट्याचं वावर दिलं. ते कसणारे त्यांचे धाकटे भाऊ रामदासभाऊ पुष्कळ कुरकुरले; ताईंनी सगळं नुकसान आपल्या अंगावर घेतलं.

त्या वर्षी रोग आलाच नाही. औषधाची बाजू जरा हिरवीगार होती, म्हणून तिचे फोटो गुंतवणूकदारांना दाखवावेत, असं मी सुचवलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "मीनल, रोगच आला नाही, त तुह्या औषधानं हरवलं कोणाले?" केंद्राचं शिफारसपत्र मिळालं नाही. मी खचले. पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळत होती, ती घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं.

तेव्हा ताई एसटीनं रोहिणखेडला आमच्या घरी आल्या. आई त्यांना तोंडावरच म्हणाली, "पोरीले चांगली नोकरी लागून राह्यली, तुम्ही काऊन आडवता?"

"मी नाही आडवत," ताई म्हणाल्या. "तिनं खुशाल जावं. फक्त औषध चालते का नाही, हे पाहून जावं. नाही त जन्मभर हे मनात राहीन." मग त्या आईसोबत भाकरी खाऊन, शेवटची एसटी गाठून परत गेल्या.

मी थांबले. ताईंनी त्याच वावरात पुन्हा हरभरा पेरायला लावला, कारण हरभऱ्यावर हरभरा घेतला की जमिनीतला रोग बळावतो. रामदासभाऊंनी चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पीक फुलोऱ्यावर येताना रामदासभाऊंचाच फोन आला, आणि आम्ही दोघी देऊळघाटला धावलो. साध्या बियाण्याच्या बाजूची झाडं माना टाकून पिवळी पडली होती. औषधाची बाजू ताठ उभी होती. ताईंनी वाळलेलं एक झाड उपटलं, मूळ उभं चिरून आतली काळी रेघ, मर रोगाची खूण, मला दाखवली आणि मोठ्यानं हसल्या.

"ताई, आपलं वावर वाळून राह्यलं, अन् तू हासून राह्यली?" रामदासभाऊंनी विचारलं.

"हाव! पोरगी पास झाली ना बापा," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

शिफारसपत्र मिळालं, गुंतवणूकदार आले, मोताळा तालुक्यात कारखाना सुरू झाला. पहिला माल निघाला, तेव्हा पहिलं पाकीट मागून नेणारे गिऱ्हाईक रामदासभाऊच होते.

ताई आज पंचाहत्तरीत प्रवेश करत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षं धुऱ्याबांधांवरून फिरवत राहोत. आमच्या जिल्ह्यातल्या पोरापोरींचं आयुष्य घडताना पाहायला त्या शंभरी ओलांडून आमच्यात असाव्यात, हीच मनापासूनची इच्छा.