सामंतकाकांच्या दारावरचा शब्द

बातमी आली तेव्हा आम्ही मस्कतजवळच्या बरका गावच्या मासळीबाजारात सुरमई कापून घेत होतो. फोन पुण्याहून, सामंतकाकूंचा. कुठे आहात, काय घेतलंत, ताजी आहे ना, तुकडे जाड करून घे, असं सगळं विचारून सांगून झालं आणि मग त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, हे गेले आज सकाळी." ऑपरेशननंतर अठरा दिवसांनी. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले... आणि खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो त्यांचा नव्हताच, माझाच होता. आमच्या घरातल्या माणसाकडून त्यांनी ऐकलेले शेवटचे शब्द आठवले आणि भर बाजारात माझे कान तापले. पण ते सांगण्याआधी काका सांगायला हवेत.

सामंतकाका मस्कतच्या वादी कबीर भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. पेशानं सर्व्हेअर. आठवडाभर लांब दुक्मला, कंपनीच्या कॅम्पवर, गुरुवारी संध्याकाळी घरी. उन्हानं रापलेला चेहरा, खिशाला कायम चार पेनं आणि आवाज असा की लिफ्टमध्ये बोलले तरी खाली हनीफभाईंच्या किराणा दुकानात ऐकू जावं. इथे कुणी कायमचं परत निघालं की घरातलं सामान विकायला काढतं. अशाच एका निघालेल्या इंग्रज गृहस्थाकडून काकांनी पुस्तकांचं कपाट घेतलं, तर त्यात प्राचीन ग्रीक भाषेचं एक जुनं व्याकरण राहून गेलेलं निघालं. दुक्मला संध्याकाळी करणार काय, पत्ते नाहीतर ग्रीक, असं म्हणत साठीला टेकलेला हा माणूस मुळाक्षरं गिरवायला बसला. काकू म्हणायच्या, लोकांचे नवरे कॅम्पवरून येताना खजूर आणतात, आमचे क्रियापदं आणतात.

त्या व्याकरणात त्यांना एक शब्द भेटला आणि काका त्याच्या प्रेमातच पडले. खाइरे. ग्रीक लोक भेटल्यावर तो म्हणत, निरोप घेताना तोच म्हणत आणि माणूस गेला की त्याच्या थडग्यावरही तोच कोरत. अर्थ एवढाच, की आनंद कर. त्या काळी वाचायचं म्हणजे बहुधा मोठ्यानंच. त्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्या वाटसरूनं तो दगड वाचला की काम झालं. त्यानं मेलेल्याला आनंद कर म्हटलं आणि मेलेल्यानं त्याला. काही दगडांवर तर पुढचं उत्तरही कोरलेलं असायचं, 'तूही'. हे सांगताना काकांना हातातल्या पोह्यांच्या बशीचं भान राहायचं नाही आणि काकू ती काढून घ्यायच्या. "आपण निघताना 'येतो' म्हणतो, ते छानच आहे," काका म्हणाले होते, "पण जो परत येणारच नाही त्यानं काय म्हणायचं? त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नको?"

मग त्या शब्दाला मराठी जोडीदार शोधणं सुरू झालं. अट अशी की तो येताना चालला पाहिजे, जाताना चालला पाहिजे आणि माणूस गेल्यावरही चालला पाहिजे. काकांची पद्धत सर्व्हेअरची, जागेवर जाऊन मोजल्याशिवाय विश्वास नाही. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, नवा शब्द चिठ्ठीवर लिहून ते दाराला आतून चिकटवायचे. पाहुणा चपला घालायला वाकला की तो शब्द त्याला ऐकवायचे आणि तोंडाकडे टक लावून बघायचे. तोंड उजळलं तर ठीक, नाहीतर चिठ्ठी खाली. 'सुखी भव' ऐकून आम्ही नकळत नमस्काराला वाकलो, म्हणून तो बाद. 'कल्याणमस्तु' म्हटल्यावर माझा नवरा दक्षिणेसाठी खिसे चाचपायला लागला, तोही बाद. 'आनंदात राहा' छापील शुभेच्छापत्रासारखं वाटलं. हनीफभाई मूळचे रत्नागिरीचे. ते एकदा तांदळाची गोणी घेऊन वर आले होते, त्यांनी सांगितलं, "साहेब, 'सुखरूप जा' बोला नि खलास." काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हनीफभाई, मेलेल्याला वाटेत आणखी काय व्हायचंय?" त्यावर ते दोघं दारात इतके हसले की लिफ्ट दोनदा येऊन रिकामी गेली.

माझी मुलगी सई नऊ वर्षांची. दिवसभर शाळेत इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडते. मी घाईची बाई. ती अडली की मी वाक्य पुरं करून टाकते. काका मात्र तिचं वाक्य संपेपर्यंत थांबायचे, कितीही वेळ लागो. म्हणून शुक्रवारी वर जायची सगळ्यात जास्त घाई तिलाच असायची.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन पुण्यालाच करायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो. काका अर्धे झाले होते आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दारावर चिठ्ठी नव्हती. आम्ही सगळं नीट होईल, काळजी घ्या, असं कायकाय बोललो. निघताना बुटाची नाडी बांधता बांधता सईनं मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही इंडियाला चालले ना? मजा करा."

इथल्या मुलांना इंडिया म्हणजे सुट्टी, आंबे आणि आजी. तिला दुसरं काय सुचणार? पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाला हे असं म्हणायचं? आणि प्रत्येक शब्दाला लगेच निकाल देणारे काका काहीच बोलले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले... तेवढ्यात लिफ्ट आली. लिफ्टमध्ये मी सईला म्हटलं, कळत नसेल तर मराठी बोलत जाऊ नकोस. माझं कधी न ऐकणाऱ्या पोरीनं एवढं मात्र ऐकलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलू लागली. काका गेल्याचं कळल्यावर मला दोन गोष्टी टोचत राहिल्या. एक, त्या शब्दांनी ते दुखावले असतील. दुसरी, ते भरून काढायला आता कुणी उरलं नाही, आणि घरातली मराठीही मीच घालवली.

दीड महिन्यानं काकू घर आवरायला मस्कतला आल्या. खोकी भरायला आम्ही वर गेलो, सई माझ्या मागे मागे. आम्हाला आत घेऊन काकूंनी दार लावलं आणि दाराची आतली बाजू समोर आली. टेपच्या जुन्या डागांच्या मधोमध एक चिठ्ठी होती. काकांचं ठसठशीत अक्षर, 'मजा करा'. आणि खाली बारीक, 'तूही'.

"तुमची लिफ्ट खाली पोचायच्या आत ह्यांनी पेन मागितलं," काकू म्हणाल्या. "म्हणाले, सापडला. मी इतके शुक्रवार लोकांची तोंडं बघत बसलो, आणि आज उजळलं ते माझंच." मग त्यांनी सांगितलं की पुण्यात प्रत्येक नर्सला ते हेच म्हणायचे. ऑपरेशनला आत नेताना काकूंनाही तेच म्हणाले. "मी चिडले गं त्यांच्यावर... आणि हसलेही." बोलता बोलता त्यांना परत हसू आलं, मलाही आलं, आणि डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं.

सई दाराशी उभी राहून अक्षरं लावत होती. म... जा... क... तिथे बराच वेळ अडली. मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि थांबले. "मजा करा," तिनं मोठ्यानं वाचलं. मग खालचं, "तूही." मी तिथेच खोक्यांमध्ये बसून तिची माफी मागितली, मराठीत.

ती चिठ्ठी आता आमच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. हनीफभाई सामान ठेवून निघताना ती वाचतात आणि साहेबांना सलाम करतात. सईची मराठी अजून अडखळते, मी अजून जीभ आवरायला शिकते आहे. परवा कामावर निघताना चप्पल घालायला वाकले, तर मागून आवाज आला, "आई, मजा कर."

"तूही," म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.