एकाच चेहऱ्याच्या दोघी

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी सणसवाडीत कामावर निघाले होते. खुटबावला तिच्या सासरी पोचले, तर अंगणातल्या बायकांचं रडणं एकदम थांबलं. एक म्हातारी चक्क मागं सरकली. आत जी निजवली होती, तीच फाटकातून चालत येत होती... आम्ही जुळ्या बहिणी. वडगाव रासाईला, माहेरी, आईसुद्धा आम्हाला आवाजावरून ओळखायची.

मला लग्नानंतर दोन मुलं झाली. सुमनला एकही नाही. तिशी ओलांडली आणि तिची पाळीच येईना. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या. मी तिच्यासोबत दौंडला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिची सोनोग्राफी केली, मग आमच्याकडं आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "तुमचीही करू या?" दोन्ही चित्रं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. माझ्या बीजकोशात काळे गोल ठिपके होते, बीजांच्या पिशव्या. तिचे बीजकोश आक्रसलेले, जवळजवळ रिकामे. माझ्याच चेहऱ्याची बाई आतून म्हातारी झाली होती...

"तंबाखू? मिश्री?" बाईंनी विचारलं.

"आत्यांनी लावली सवय, लग्न झाल्या झाल्या," सुमन म्हणाली. आत्या म्हणजे तिच्या सासूबाई.

बाईंनी समजावलं. अन्नातून शक्ती तयार होताना शरीरात जणू ठिणग्या उडतात आणि शरीरच त्या विझवतं. तंबाखूनं त्या इतक्या वाढतात की विझवणं पुरं पडत नाही. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. बाईची बीजं जन्मापासूनची असतात, ती त्यात होरपळतात. "पण तुमचं तेवढ्यानंच झालं, असं छातीठोक नाही सांगणार," असंही त्या म्हणाल्या.

सुमननं मिश्रीचा डबा उकिरड्यावर रिकामा केला. आत्या भडकल्या, "म्या जल्मभर लावली, मला न्हाई झाली पोरं?"

"झाली की. पर आता दुसऱ्या कुठल्या सुनंला देऊ नगा."

आत्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही.

एकदा ती माझ्याकडं राहायला आली होती. हळूच म्हणाली, "तुझी धाकटी झोपेतनं उठून मला आई म्हणली. म्या व्हय म्हणलं... मग माझंच मला भ्या वाटलं."

पाळी इतक्या लवकर गेली की हृदयाला जपावं लागतं. गोळ्या चालू होत्या. तरी एका सकाळी ओट्यापाशी बसली ती उठलीच नाही.

परवा खुटबावला गेले. मला दारात बघून आत्या म्हणाल्या, "आलीस व्हय? चहा ठेव." दाजींनी मान खाली घातली. मी चहा ठेवला.

भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. दाजींनी सुमनच्या मोबाईलमधला मोठा करून घेतलाय. आत्या रोज त्याला हळदकुंकू लावतात. कप घेऊन जवळ गेले... फोटोतल्या बाईच्या मागं निळं दार आहे. माझ्या सणसवाडीच्या खोलीचं. साडीही माझीच.

मी कुणाला सांगितलेलं नाही. फोटो सुमननं काढलेला. हारातली बाई हसतेय ती समोर मोबाईल धरून उभ्या असलेल्या सुमनकडं बघून.