लोणपाटीवरचा लवू

शिवादादा आग्रे चिरेखाणीत कामाला होता. जांभ्या दगडावर टिकावाने सरळ चर पाडायचे, खाली पहार घालायची आणि चिरा अखंड मोकळा करायचा, हे त्याचं काम. त्याने काढलेला चिरा गवंडी पुन्हा तासत नसे. रत्नागिरीच्या आसपास त्या वर्षांत, म्हणजे एकोणीसशे तिसाच्या आगेमागे, बांधलेल्या किती घरांत त्याच्या हातचे चिरे असतील, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "घर उभा हाय ना? मग झाला."

खाणीतून सुटला की तो घरी न जाता सड्यावर, वाडीच्या वरच्या खडकाळ माळावर, जायचा. तिथे वाडीतले तरणे गडी आट्यापाट्या खेळायचे आणि शिवादादा त्यांना शिकवायचा. मैदान त्यानेच आखलेलं. आडव्या नऊ पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी. खाणीतल्या चरासारख्याच त्या रेघा, जराही वाकड्या नाहीत. एका बाजूचे गडी एकेक पाटी धरून उभे राहणार. पाटीवरून त्यांचा पाय सुटता कामा नये. दुसऱ्या बाजूचे गडी हुलकावण्या देत, अंग चोरत एकेक पाटी ओलांडणार. शेवटच्या लोणपाटीपलीकडे जायचं आणि "लोण" अशी आरोळी ठोकून सगळ्या पाट्या चुकवत परत यायचं. एकालाही हात लागला की सगळ्यांचा डाव गेला.

खेळ संपला की शिवादादा सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि प्रत्येकाच्या उघड्या पाठीवरून तळहात फिरवायचा. हात ओला झाला तर मूठभर चणे आणि गुळाचा खडा. कोरडा राहिला तर त्या गड्याने सड्याच्या कडेपर्यंत पळत जाऊन यायचं. चणे त्याची बायको तुळसा घरी भाजून द्यायची. हाताच्या निकालावर कोणी तक्रार करत नसे, कारण करून उपयोग नव्हता.

लवूची पाठ रोज कोरडी असायची.

लवू बंदरावर पडाव नावाच्या होड्यांतला माल उतरवायचं काम करी. अंगाने थोराड, हात लांब, आवाज मात्र कधी ऐकू यायचा नाही. मधल्या एका पाटीवर त्याला उभं केलेलं. इतर गडी पाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचायचे, हात फेकायचे. लवू उभाच. समोरचा हुलकावणी देई, लवू बघत राही, आणि शेवटी जेमतेम वीतभर अंतराने तो सुटून जाई. सुटला की लवू थांबायचा, कंबरेवर हात ठेवायचा आणि मान वळवून शिवादादाकडे बघायचा.

"अरे मेल्या, जीव घरी ठेवून आलास काय?" शिवादादा ओरडायचा. त्याचा आवाज खालच्या वाडीत ऐकू जायचा. "देवळातला खांब तरी बरा! त्याला माणूस आपटतो तरी!"

सगळे हसायचे. रामा सगळ्यांत मोठ्याने. रामा वाडीतला सर्वांत चपळ गडी. आजवर एकाही शिमग्याला त्याने लोण आणलं नाही असं झालं नव्हतं. तो म्हणायचा, "शिवादादा, ह्याला पाटीवर नको. ह्याच्या अंगावर कपडे वाळत घालूया."

शिमगा जवळ येत होता. शिमग्यात शेजारच्या मिरजोळ्याच्या गड्यांशी सामना ठरलेला असे, आणि गेल्या शिमग्याला मानाचा नारळ मिरजोळ्याकडे गेला होता. शिवादादाने गड्यांना आणखी ताणायला घेतलं. एका संध्याकाळी त्याने रांगेत हात फिरवला आणि लवूची पाठ चिंब भिजलेली लागली. शिवादादा खूश झाला. चण्यांची मूठ त्याने जरा मोठी घेतली, आणि देता देता थांबला. लवूच्या खांद्याच्या फऱ्यावर हिरवागार धागा चिकटला होता. शिवादादाने तो बोटात धरून उजेडात पाहिला.

"घामाला शेवाळ कधीपासून यायला लागला रे?"

सड्याच्या कडेला एक जुनी खाण होती. तिच्यात पावसाचं पाणी फाल्गुनापर्यंत टिकायचं. लवूने खेळ संपता संपता तिच्यात पाठ बुचकळून घेतली होती. गडी हसून हसून खाली बसले. शिवादादा हसला नाही. त्याला खोटं काम खपत नसे. चिऱ्याचा तुटका कोपरा मातीने लिंपून खपवणाऱ्या माणसाला त्याने एकदा खाणीतून हाकलून दिलं होतं.

"उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला. "शिमग्याला तुजी पाटी दुसऱ्याला दिली."

लवूने सदरा खांद्यावर टाकला आणि उतार उतरून निघून गेला.

घरी शिवादादाने ही हकिकत तुळसेला सांगितली. आपण केलं ते बरोबर, असं तिने म्हणावं अशी त्याची अपेक्षा. तुळसा चुलीपुढे हसत बसली.

"हसतंस काय?"

"नाय, इतका करायला त्येला खाणीत उतरावा लागला," ती म्हणाली. "आळशी माणूस पळत जाऊन आला असता काय? रोज जातो न्हवं सड्याच्या कडेपर्यंत?"

"जातो."

"मग आळशी कसा? चण्यांसाठी कोण गार पाण्यात बसल? तुमी बरा म्हणावा म्हणून बसला त्यो."

शिवादादाने भाकरी मोडली आणि तो विषय तिथेच सोडला. 

दोनेक दिवसांनी तुळसेचा भाऊ मुंबईहून आगबोटीने शिमग्याला यायचा होता. शिवादादा त्याला घ्यायला बंदरावर गेला. आगबोट लांब नांगरून होती. पडाव माणसं आणि माल घेऊन धक्क्याला लागत होते. वारा होता, पडाव धक्क्यापाशी खाली जायचा, वर यायचा. हमाल गोण्यांना झोंबत होते. कोणी पडाव खाली असतानाच गोणी ओढायचा आणि कण्हायचा, कोणी उशिरा हात घालायचा आणि शिव्या खायचा.

धक्क्याच्या कडेला लवू उभा होता. नुसता उभा. हात सैल, नजर पडावावर. लाट आली, पडाव वर चढला, गोणी धक्क्याच्या बरोबरीला आली त्याच क्षणी लवूने ती खांद्यावर घेतली. जोर म्हणून दिसला नाही. गोणी ठेवून आला आणि पुन्हा उभा. शिवादादा बघत राहिला. त्याला स्वतःचं काम आठवलं. नवीन माणूस पहारेवर लटकतो. जुना माणूस चिरा सुटायची वेळ बघतो.

तेवढ्यात एका हमालाच्या हातून गोणी निसटली आणि पाण्याकडे घसरली. ती लवूची नव्हती. तरी लवू धक्क्यावर आडवा पडला, दोन्ही हातांनी गोणीचे कान धरले, आणि दुसरी लाट येऊन पडाव वर येईपर्यंत तसाच लोंबकळत राहिला. मग गोणी वर घेतली. मुकादम ओरडला नाही, लवूनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

मेहुणा पडावातून उतरला, "काय दाजी, बरं हाय ना?" म्हणाला. शिवादादाने ट्रंक त्याच्याच हातात ठेवली आणि म्हणाला, "तू हो पुढं."

तो लवूपाशी गेला. लवू बिचकला.

"गोणी निसटली तर तिच्यापाठी जातंस," शिवादादा म्हणाला. "माणूस निसटला की कंबरेवर हात. असा का?"

लवूने पायाच्या अंगठ्याने धक्क्यावरची वाळू सारखी केली.

"बोल की बाबा. तोंड हाय का गिळलास?"

"तुमी ओरडताव."

"मी?"

"माणूस सुटला की तुमी ओरडताव. मग मी तुमच्याकडं बघतो. बघंपर्यंत त्यो गेलेला असतो."

  शिवादादाला प्रत्येक संध्याकाळ आठवली. मान वळवून बघणारा लवू त्याला आजवर निर्लज्ज वाटत आला होता.

"सांजचा सड्यावर ये," तो शेवटी म्हणाला. "पण पाणी जिथल्या तिथं ठेव."

त्या संध्याकाळपासून शिवादादाने लवूला लोणपाटीवर घेतलं. रामा उसळला. "दादा, शेवटची पाटी? तिथून गडी परत फिरतो. ही त्येची जागा नाय."

"माणूस दोनदा येतो तिथं. एकदा जाताना, एकदा येताना," शिवादादा म्हणाला. "ज्येला थांबता येतं त्येची ती जागा."

"आणि त्येच्या पाटीवरनं लोण गेलं तर?"

"तर परत त्येला पाटीवर उभा करणार नाय. झाला?"

लवूने ते ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं.

आता राहिला ओरडण्याचा प्रश्न. पहिल्या दिवशी शिवादादाने तोंड बंद ठेवायचं ठरवलं आणि पहिलाच गडी सुटताच तो इतक्या जोरात ओरडला की खालच्या वाडीतलं कुत्रं भुंकलं. दुसऱ्या दिवशी हाताने तोंड दाबून धरलं. पण हात आपोआप वर जायचा आणि तोंड उघडं पडायचं. तुळसेने उपाय काढला. तिने अख्खी सुपारी त्याच्या हातावर ठेवली.

"गालात नको. दातांत धरा. सुटली तर समजा तुमचाच डाव गेला."

चिरा तोडणारा तो धिप्पाड माणूस संध्याकाळभर दातांत सुपारी धरून मैदानाच्या कडेला येरझारा घालू लागला. गडी चेकाळले. रामा मुद्दाम वेड्यावाकड्या चुका करायचा आणि शिवादादाचे डोळे कसे बाहेर येतात ते बघायचा. शिवादादा नुसता हुंकारायचा, मांडीवर थाप मारायचा. घाम मात्र त्यालाच फुटायचा.

पण शिकवणं त्याने सोडलं नाही. सगळे गेल्यावर तो स्वतः लवूसमोर उतरायचा, चाळिशी ओलांडलेला, गुडघे करकरणारा गडी. लोणपाटी ओलांडायचा, वळायचा, परत यायचा. "माज्या पायाकडं बघू नको, पाय खोटं बोलतात. कंबर बघ. आणि मी सुटलो तरी मी गेलो असा समजू नको. मी परत येणार हाय. फिर आणि बघत ऱ्हा." एवढं बोलून सुपारी पुन्हा तोंडात. लवू चुकला तर तो पुन्हा यायचा. लवू कंटाळला तरी यायचा. एकदा लवू म्हणाला, "दादा, पुरे ना आता," तेव्हा शिवादादाने मान हलवून नाही म्हटलं आणि पाटीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. काळोख पडेपर्यंत.

शिमग्याला मिरजोळ्याचे गडी ढोल घेऊन सड्यावर आले. दोन्हीकडचे म्हातारेकोतारे दगडांवर बसले. बायका काजूच्या सावलीत. पहिल्या डावात रामाने लोण आणलं. जाताना आणि येताना तो माशासारखा सुळकन गेला. मग बराच वेळ कोणाचंच काही जमेना. ऊन उतरलं तेव्हा मिरजोळ्याचा शेवटचा डाव उरला होता. त्यांचं लोण आलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली तर रिवाजाप्रमाणे नारळ गेल्या वर्षी जिंकलेल्यांकडेच राहणार.

मिरजोळ्याचा बाबल्या पुढे आला. लहानखुरा, केसांना तेल, चेहऱ्यावर कायम हसू. त्याने दोन पाट्या वाडीच्या गड्यांच्या बगलेखालून काढल्या. एकेक करत तो लोणपाटीसमोर येऊन ठेपला. लवू उभा होता.

"काय रे, पालखीची वाट बघतंस काय?" बाबल्या म्हणाला.

लवू बघत राहिला. बाबल्याने डावीकडे अंग टाकलं, उजवीकडे टाकलं, आणि पुन्हा डावीकडून निसटला. लवूची बोटं हवेत राहिली.

"गेला! गेला!" सगळी वाडी ओरडली. रामाने कपाळावर हात मारला. "सांगितला होता मी!" कोणी तरी म्हणालं, "बदला रे त्येला!"

कडेला शिवादादाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. छाती श्वासाने भरली. तुळसेने काजूखालून पाहिलं, आणि तिला वाटलं, आता सुपारी सुटली. दात सुपारीवर कडकडले. सुपारी फुटली, तिचे तुकडे जिभेवर आले, पण तोंडातून आवाज बाहेर पडला नाही.

लवूने मान वळवली नाही. कंबरेवर हात ठेवले नाहीत. पाटीवर पाय तसाच ठेवून तो सबंध फिरला आणि पलीकडे गेलेल्या बाबल्याकडे तोंड करून उभा राहिला. हात सैल.

बाबल्याने "लोण" अशी आरोळी ठोकली आणि परत आला. एवढं ओरडणं चाललेलं, पाटीवरचा गडी खचला असणार असं त्याने धरलं. हुलकावणी त्याने एकच दिली, तीही आखूड. लवू पायांना फसला नाही. बाबल्याची कंबर पाटीच्या वर आली, लाटेवर पडाव येतो तशी, आणि लवूचा हात तिथे आधीच होता. बाबल्या त्या हातावर येऊन आपटला आणि खाली बसला.

 एकदम गलका उठला. शिवादादाने सुपारीचे तुकडे थुंकले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एका दमात ओरडून टाकलं. काय ओरडला ते कोणालाच कळलं नाही. रामाने लवूला मागून मिठी मारली, उचलायचा प्रयत्न केला आणि ते न जमल्याने तसाच त्याच्या पाठीला लोंबकळत राहिला. बाबल्या कपडे झटकत उठला. "ह्या खांबाला हात फुटले हायत, हे आधी सांगायचा होता," तो म्हणाला आणि लवूच्या पाठीवर थाप मारून आपल्या गड्यांत गेला.

पुढच्या मोसमात शिवादादाचे गुडघे फारच बोलू लागले, तेव्हा वाडीतली नवीन मुलं त्याने लवूकडे दिली. आठवडा गेला नाही तोच ती मुलं शिवादादाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"दादा, लवूदादा काय बोलतच नाय. आमचं बरोबर झाला की चुकला, ते कसा कळायचा?"

"चुकला तर काय करतो?"

"परत येतो. पुन्हा पुन्हा येतो. काळोख पडला तरी सोडत नाय."

शिवादादाने टिकावाच्या दांड्यात पाचर ठोकली, दांडा हलवून पाहिला, आणि म्हणाला, "मग लवकर बरोबर करा की. घरी जायचा हाय ना?"