बोकडाच्या शिंगांवरची ब्रेकची रबरं

२०१४ साली काकांनी त्यांची रेसची सायकल मला दिली. दिली म्हणजे काय, शेडमध्ये चिकूचे क्रेट रचायला जागा हवी होती आणि सायकल आडवी येत होती. "घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देतो," असं ते म्हणाले. काका तरुणपणी मुंबईत गोदीत नोकरीला होते आणि रविवारी सायकलच्या शर्यतीत उतरायचे. नोकरी संपल्यावर ते डहाणूला आमच्या वाडीत परतले, त्यांच्याबरोबर सायकलही परतली, आणि दोघांनीही शर्यत सोडून दिली.

मी डहाणूतल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. माणसाला एखादा तरी छंद असावा, असा निबंध मी मुलांकडून दरवर्षी लिहून घ्यायचो. मला स्वतःला एकही छंद नव्हता.

सायकल विलायती होती. हँडल खाली वळलेलं, एडक्याच्या शिंगांसारखं. त्या वळणावर ब्रेकचे दोन खटके, आणि खटक्यांच्या बुडाशी, जिथे चालवणाऱ्याचा तळवा टेकतो, तिथे तळव्याला मुंग्या येऊ नयेत म्हणून रबराची एकेक टोपी. माझ्या सायकलवर एक टोपी नव्हतीच. दुसरी सुकल्या खजुरासारखी दिसत होती. मी तिला बोट लावलं आणि तिचा भुगा झाला. बाकी सायकलला काही झालं नव्हतं. तेल दिलं, टायर-ट्यूब बदलली, आणि ती मजेत पळू लागली. तिथेच थांबलो असतो तर माझी पाच वर्षं वाचली असती.

स्टेशनजवळच्या सायकलवाल्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, सरळ दांडी लावून देऊ का? मुठींसकट?" मी अपमान झाल्यासारखा घरी आलो. एका विद्यार्थ्याने मला जुन्या सायकली जतन करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घातलं, आणि मग मी कामातून गेलो.

त्या ग्रुपवर मुंबई, पुणे, नाशिककडची मोठमोठी माणसं होती. कुणी डॉक्टर, कुणी वकील. सगळ्यांकडे सायकली होत्या आणि एकही सायकल रस्त्यावर नव्हती. ब्रेकच्या रबराला तिथे 'हूड' म्हणत आणि आजारी नातेवाइकासारखी त्याची चौकशी करत. "आज कसं आहे डावं हूड?" "जरा कडक वाटतंय." लगेच पुण्याचे एक निवृत्त डॉक्टर ग्लिसरीनचा डोस लिहून देत. ग्लिसरीनवाले आणि टाल्कम पावडरवाले यांच्यात इतकं वैर होतं की दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा ते एकमेकांना देत नसत. हल्ली मिळणारी नक्कल केलेली रबरं लावणं म्हणजे तर धर्म बुडवणं. या सगळ्यांवर मुंबईचे एक गृहस्थ होते, ज्यांना ग्रुपवर सगळे फक्त 'सर' म्हणायचे. सरांचा शब्द शेवटचा. मी समुद्राजवळ राहतो हे कळल्यावर त्यांनी मला लिहिलं, "खारी हवा. वाईट वाटतं तुमच्यासाठी."

सरांनीच सुचवलं की गुजरातच्या सीमेलगतच्या जुन्या दुकानांत कधीकधी पडून राहिलेला माल मिळतो. आमच्याकडे सीमा म्हणजे तलासरी. पुढच्याच सुट्टीच्या दिवशी मी एसटीने तलासरीला गेलो.

बाजारात एक जुनं सायकलचं दुकान सापडलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं आणि ताडपत्री लटकत होती. म्हाताऱ्या मालकाला मी फोटो दाखवला. त्याने चष्मा लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आ तो होती आपल्याकडे! जोडी होती. कोणी घेईना. पछी एक बाई घेऊन गेली."

"सायकलसाठी?"

"ना रे भाई. बोकडासाठी."

बाईचं माहेर तलासरीचं, सासर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळामागच्या पाड्यावर. तिचा बोकड दिसेल त्याला शिंगं मारायचा. तिने दुकानात येऊन शिंगांवर बसेल असं काहीतरी मागितलं, आणि दुकानदाराने, विलायती कंपनीने शर्यतीच्या घोड्यासारख्या सायकलींसाठी बनवलेली ती रबरं, तिला हसत काढून दिली.

मी हायवेवरून परतताना तिथे उतरलो. पाड्यावर बोकड शोधायची गरज पडली नाही. त्यानेच मला शोधलं. मागून मांडीवर जोराचा धक्का बसला, वळून पाहिलं तर दोन्ही शिंगांवर बदामी रंगाची, मऊ, कुठेही चीर नसलेली हूडं, वर नायलॉनच्या दोरीने बांधलेली. इतकी सुंदर रबरं मी ग्रुपवरच्या फोटोंतही पाहिली नव्हती. दुखऱ्या मांडीवर हात ठेवून मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

बाई घरातून बाहेर आली. "लागला काय?"

"नाही. म्हणजे हो. बाई, ही रबरं मला द्याल का?"

ती सगळ्यांना तूच म्हणायची. "तुला कशाला? तुला शिंगा हायेत?"

मी सायकल, ब्रेक, काकांची शर्यत, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पैसं नको. पैसं काय शिंगाला बांधू? ह्याला दुसरं कायतरी आण. मग ने."

पुढच्या रविवारी मी स्कूटरच्या मुठी नेल्या. बोकडाने डोकं झटकून त्या उडवल्या. त्याच्या पुढच्या रविवारी ट्यूबचे तुकडे नेले. बोकडाने ते खाल्ले. बाई म्हणाली, "तुझा तू ये रविवारी, पण ह्याला उपाशी समजू नको." शेवटी कॉलेजच्या जिमखान्यातले टाकून दिलेले टेनिसचे चेंडू मागून आणले, त्यांना भोकं पाडली आणि शिंगांवर बसवले. बोकड गोंधळला. त्याने एकदा भिंतीला, एकदा मला मारून पाहिलं. काहीच लागलं नाही. बाई पोट धरून हसली आणि तिने दोरी सोडून हूडं माझ्या हातात ठेवली.

ग्रुपवर फोटो टाकला. मग प्रश्नांचा पाऊस. हूडं इतकी मऊ कशी राहिली? मी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी जाहीर केलं की बोकडाच्या शिंगांतून पाझरणारी नैसर्गिक स्निग्धता रबराचं रक्षण करते. ग्लिसरीनवाले आणि पावडरवाले पहिल्यांदाच एकत्र आले, कारण त्यांच्यासमोर तिसरा पंथ उभा राहिला होता. नाशिकच्या वकिलांनी तर एका शेळीपालन केंद्राशी बोलणी सुरू केल्याचं कळवलं.

सर स्वतः डहाणूला आले. सुती हातमोजे घालून त्यांनी हूडं हातात घेतली, उजेडात फिरवली, हुंगली आणि डोळे मिटले. "अस्सल," ते म्हणाले. मग हुकूम सोडला. साबण लावायचा नाही. ऊन दाखवायचं नाही. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये. आणि सायकलवर चढवायची तर अजिबातच नाहीत, हाताच्या घामाने रबर मरतं.

बायकोचं माहेर चिंचणीचं. आमच्या फ्रिजमध्ये सुक्या बोंबलांचा एक कायमचा डबा असतो. ती म्हणाली, "अहो, बोकडाच्या टोप्या माझ्या बोंबलांशेजारी ठेवणार?"

"डबा हवाबंद आहे."

"मला बोंबलांची काळजी आहे."

काही दिवसांनी डबा उघडला तेव्हा हूडांना बोंबलांचा वास आणि बोंबलांना बोकडाचा.

अशी तीन-चार वर्षं गेली. सायकल हॉलमध्ये, हूडं फ्रिजमध्ये. २०१८च्या थंडीत ग्रुपने डहाणूच्या किनाऱ्यावर मेळावा ठरवला. सायकली टेम्पोतून आल्या, गोधड्यांत गुंडाळून. एकही जण सायकल चालवत आला नाही. वारा सुटला तशा सगळ्यांनी आपापल्या सायकलींवर चादरी टाकल्या, आणि सुरूच्या झाडांखाली माणसं चादरी पाहत उभी राहिली. माझी हूडं त्या दिवसापुरती गरम पाण्यात मऊ करून सायकलवर चढवली होती. शिंगांनी पडलेल्या खुणांना झीज म्हणायचं की इतिहास, यावर दोन गट पडले.

काकाही आले होते. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. वाद ऐकून कंटाळले. जेवायची वेळ झाली तसे ते सायकलजवळ गेले, धोतर खोचलं, टांग टाकली आणि घराकडे निघाले. मागून डॉक्टर ओरडत होते, "हात! हात काढा हूडांवरून!" काकांनी दोन्ही हात काढले. डॉक्टर खाली बसले.

त्यानंतर मी हूडं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली नाहीत. रोज सकाळी सायकल काढायला लागलो. किनाऱ्याने आगर गावाच्या बाजूला जायचं, होड्या पाहायच्या, परत यायचं. तळव्याखाली ते रबर गरम होत जायचं आणि मला कारण नसताना बरं वाटायचं. पुढच्या उन्हाळ्यात एका वळणावर ब्रेक दाबला आणि डावं हूड उभं फाटलं. मी भाबडेपणाने ग्रुपवर कळवलं. हात जोडल्याच्या खुणांची रीघ लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' असंही कुणी लिहिलं. संध्याकाळपर्यंत वातावरण बदललं, माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि मला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

आठवड्याभरात सरांचा फोन आला. आवाज एकदम हळू.

"तुमचं उजवं हूड शिल्लक आहे ना?"

"आहे. तुम्हाला संग्रहाला हवंय?"

"नाही. माझ्या सायकलला उजवं नाहीये. डावं काळं आहे, तुमचं बदामी, जोडी जमणार नाही. चालेल मला." मग म्हणाले, "पंचवीस वर्षांत चालवलेली नाही हो मी ती. चालवावीशी वाटते. ग्रुपवरच्या कुणाला बोलू नका."

ते आले. सायकल या वेळी गोधडीशिवाय होती. अंगणात बसून आम्ही गरम पाण्यात रबर मऊ केलं आणि दोघांनी मिळून ओढून चढवलं. हातमोजे ते घरी विसरले होते, किंवा तसं त्यांनी सांगितलं. माझ्या सायकलवर मी दोन्हीकडे जुन्या ट्यूबचे पट्टे गुंडाळले. मग खाडीचा पूल ओलांडून आम्ही चिंचणीच्या रस्त्याला लागलो. सर आधी इतके डगमगत होते की समोरून येणारी रिक्षा आपणहून थांबली. वरोरच्या पुढे त्यांना लय सापडली. चिंचणीला मासळी वाळत घातलेल्या मांडवांजवळ ते उतरले, घामाने चिंब, आणि हँडलवरची दोन रंगांची दोन हूडं मला दाखवत म्हणाले, "मुंग्या येत नाहीत हो तळव्याला. अजिबात येत नाहीत."

एका मासळीवाल्या बाईने विचारलं, "मावरा पायजे काय?" सरांनी बोंबील घेतले आणि पिशवी सरळ उजव्या हूडाला अडकवली.